विस्तव न दिसणाऱ्या शेगडीवर रात्रीचं जेवण

गणपती जवळ आले की ठाण्यातल्या आमच्या पाचपाखाडीच्या घरी दोन-तीन मुलंमुली येऊन बसतात. कुणाची आई माझ्या आईच्या भिशीतली, कुणी सोसायटीतलं, कुणी मामेभावाचा मित्र. सगळ्यांच्या खिशात सप्टेंबरअखेरचं जर्मनीचं तिकीट असतं, कारण तिथलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. व्हिसाचं, विम्याचं, बँकेचं सगळं त्यांना पाठ असतं. अडतं ते एकाच ठिकाणी: "ताई, रात्री जेवायला काय करायचं?" दुपारी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये पोट भरतं. रात्री मात्र खोलीवर आपण आणि आपली भूक.

मी जर्मनीत आखेनला दोन वर्षं होते. जाताना आईच्या अक्षरातली पाककृतींची वही नेली होती. पहिल्याच पानावर "गॅस मध्यम करून पाच मिनिटे परतावे." तिथे गॅसच नव्हता. काळी काच, तिच्यावर पांढरी वर्तुळं आणि 1 ते 9 आकड्यांची बटणं. त्यात मध्यम कुठला? त्या वहीतल्या एकाही पाककृतीचा पहिला महिना उपयोग झाला नाही. म्हणून मी आता कुणाला पाककृती देत नाही. शेगडी, भांडी, पीठ, बटाटा, सगळंच बदलणार असेल तर काय करायचं, तेवढं सांगते.

निघण्याआधीचा महिना

पंधरा रात्री घरचं जेवण तुम्ही करायचं. आईने स्वयंपाकघरात यायचं नाही, बाहेरून "मीठ घातलंस का?" असं ओरडायचंही नाही. यामागे एक साधा हिशोब आहे. जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार. डिसेंबरात तिथे रात्री आठ वाजता तुम्ही पिठल्याच्या गुठळ्या बघत उभे असता, तेव्हा ठाण्यात साडेबारा वाजलेले असतात. आई फोन उचलेल, पण घाबरून उचलेल.

त्या पंधरांपैकी निदान सात रात्री इंडक्शनवर करा. सिलिंडर संपला की माळ्यावरून काढायचा तो इंडक्शन बहुतेक घरांत असतोच. आपल्या डोळ्यांना ज्योत बघून आच ठरवायची सवय असते. ज्योत न बघता भांड्याकडे बघून आच ओळखायची सवय आधी इथेच लावा.

वही न्या, पण तिच्यात मिनिटं लिहू नका, खुणा लिहा. कांदा पारदर्शक झाला, मग कडा तांबूस झाल्या. आलं-लसणाचा कच्चा वास गेला. कडेने तेल सुटलं. पिठल्याचा बुडबुडा "फट्" असा फुटायला लागला. या खुणा ठाण्यात आणि आखेनमध्ये सारख्याच. मिनिटं मात्र शेगडीगणिक बदलतात.

आणि घरची एक स्टीलची वाटी बरोबर न्या. तांदळाला, डाळीला, पाण्याला तीच. आईचा "अंदाज" म्हणजे पंचवीस वर्षं तीच वाटी, तेच पातेलं आणि तोच तांदूळ असतो. तुमचा अंदाज अजून तयार व्हायचाय, तोवर वाटी.

पदार्थ पाचच पक्के करा: मुगाची किंवा मसुराची खिचडी, बटाट्याच्या काचऱ्या, पिठलं, कांदेपोहे आणि अंड्याचा रस्सा. यात माझा कौल पिठल्याला. एक भांडं, पंधरा मिनिटं आणि भाताशी, ब्रेडशी, कशाशीही जातं. शाही पनीर शिकून गेलेली मुलं तिसऱ्या दिवशी टोस्ट खाताना मी पाहिली आहेत.

बॅग

युरोपियन युनियनबाहेरून येताना सामानात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर, सगळं बाद. आजी लोणच्याच्या बरणीत तूप भरून देईल, तिला प्रेमाने नाही म्हणा. ओला कढीपत्ता, मिरच्या, ताजी भाजी यांनाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, ते कुणाकडे नसतं. कढीपत्ता सावलीत वाळवून न्या. गंमत म्हणजे वैयक्तिक वापरापुरती मासळी चालते, सुकीसुद्धा. चेंदणी कोळीवाड्यातली माझी एक मैत्रीण सुके बोंबील घेऊन गेली. कस्टममध्ये कुणी अडवलं नाही. अडवलं ते तिने बोंबील भाजल्यावर, संपूर्ण मजल्याने.

(हे सगळं युरोपातल्या मंडळींसाठी. दुबई किंवा सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखस घरीच ठेवा, तिथे ती बंदी असलेल्या मालात मोडते.)

जांभळी नाक्यावरून हिंग, जिरं, मोहरी, हळद आणि घरचा गोडा मसाला. सुटं नको, पाकीटबंद बरं. तीन महिन्यांचं पुरे. आमच्याकडे बॅगेत दोन-दोन वर्षांची हळद भरतात. हळद जर्मनीतल्या साध्या सुपरमार्केटमध्येही मिळते. न मिळणारी गोष्ट हिंग, नाहीतर थेट इंडियन स्टोअर गाठावं लागतं.

पोहे, भाजलेला रवा आणि मेतकूट मात्र हाताशी येईल असं ठेवा. जर्मनीत रविवारी सगळी सुपरमार्केट बंद असतात, अगदी सगळी. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं तेवढी उघडी. शनिवारी रात्री पोचलात तर रविवारचं जेवण बॅगेतून निघणार.

कुकर न्यायचा तर बूड बघून. फ्रिजवरचं चुंबक कुकरच्या बुडाला चिकटलं तर तो इंडक्शनवर चालेल. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. गोल बुडाची कढईही नको, सपाट काचेवर ती भोवऱ्यासारखी डुलते. दोन ते तीन लिटरचा, सपाट, जाड बुडाचा स्टीलचा कुकर पुरे. झाकण बाजूला ठेवलं की तेच पातेलं. मिक्सर नेऊ नका. वीज दोन्हीकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, त्यामुळे तो चालेल, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही, अ‍ॅडाप्टर लागतो. शिवाय रात्री दहानंतर तिथे शांतता पाळायची असते आणि मिक्सरचा आवाज तुम्हाला माहीत आहे. छोटा खलबत्ता न्या.

पोचल्यावर: पहिल्या संध्याकाळी काहीही शिजवायचं नाही

खरंच. पोह्यांवर गरम पाणी घाला, मेतकूट-मीठ टाका, खा, आणि मग सामाईक स्वयंपाकघरात नुसते फिरा. कुठलं कपाट आपलं, फ्रिजचा कुठला कप्पा आपला, कचऱ्याचे डबे किती. किमान चार असतील: कागद, पॅकिंगचं प्लास्टिक-डबे, ओला कचरा आणि उरलेलं. कांद्याची सालं प्लास्टिकच्या डब्यात टाकलीत तर घरातला कुणीतरी ती उचलून तुमच्यासमोर ठेवेल. रागाने नव्हे, शिकवण्यासाठी.

धुराचा अलार्म कुठे आहे ते वर मान करून बघा. तो बहुधा झोपायच्या खोल्यांत आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये असतो, त्याचं काम पुढे येईल. खिडकी कशी उघडते तेही बघा. तिथल्या खिडकीची मूठ आडवी केली की ती दारासारखी उघडते, वर केली की वरून कलते. पहिल्यांदा ती कलली की खिडकी निखळून अंगावर येतेय असं वाटतं. येत नाही.

नळाचं पाणी पिण्याचं असतं, स्वयंपाकालाही तेच. नवीन मुलं दुकानातून पाण्याच्या बाटल्या आणतात आणि त्यातल्या निम्म्या सोड्याच्या निघतात. एका मुलाने त्या पाण्यात वरण लावलं होतं.

काचेची शेगडी

आता मुख्य गोष्ट. काच दोन प्रकारची असते आणि दोन्ही दिसायला सारख्या. चालू केल्यावर वर्तुळ लाल झालं तर ती साधी काचेची विजेची शेगडी, आत तार तापते. लाल झालं नाही आणि भांडं उचलल्यावर तिने चिन्ह दाखवलं किंवा ती पीप-पीप वाजली, तर इंडक्शन. भाड्याच्या जुन्या घरांत बहुतेक वेळा पहिली.

या पहिल्या प्रकारचा स्वभाव म्हणजे उशिरा तापते आणि उशिरा निवते. गॅसवर ज्योत बारीक केली की त्या क्षणी आच कमी. इथे 9 वरून 3 वर आणलं तरी पुढची काही मिनिटं काच 9 च्याच तावात असते. म्हणून दोन सवयी लावून घ्या.

पहिली, आच आधीच कमी करा. भाताला उकळी येताना दिसली की तेव्हाच 2 किंवा 3 वर आणा. उकळी आल्यावर आणलंत तर भात ऊतू जाणार.

दुसरी, आच कमी करायची नसेल जमत तर भांडं हलवा. शेजारचं वर्तुळ नेहमी रिकामं आणि गार ठेवा. करपतंय असं वाटलं की पातेलं उचलून तिकडे. बटण नंतर फिरवा. मी शिकवलेल्या मुलांपैकी ज्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवली, त्यांची भाजी करपली नाही.

कुकरचंही हेच. बटण बंद केल्यावरही तापलेली काच दोन शिट्ट्या जास्त देते. तिसरी शिट्टी हवी असेल तर पहिल्या शिट्टीला बटण बंद करा. डाळ गाळ झाली तरी चालेल, भात झाला तर खीर होते.

मधूनच लाल वर्तुळ विझतं, पुन्हा पेटतं. बिघाड नाही. आच राखण्याची तिची तीच पद्धत आहे. बंद केल्यावर एक छोटा दिवा लागलेला राहतो, तो काच अजून गरम असल्याची खूण. मी दिव्याकडे न बघता त्या काचेवर डब्याचं प्लास्टिकचं झाकण ठेवलं होतं. पुढचा तासभर घरात काय वास होता ते विचारू नका.

सर्वांत महाग चूक गोड पदार्थांची. साखर किंवा गूळ उतू जाऊन तापलेल्या काचेवर सांडला आणि तिथेच थंड झाला, तर काचेचा टवका निघतो, आणि तो घरमालक अनामत रकमेतून वसूल करतो. पाक सांडला तर शेगडी बंद करून, काच गरम असतानाच, पात्याच्या खरवडणीने तो बाजूला ओढायचा. हात सांभाळा. खरवडणी सुपरमार्केटात मिळते, पहिल्या आठवड्यात घ्या. संक्रांतीच्या आधी तर घ्याच.

इंडक्शन मिळालं तर नशीब. ते गॅससारखं पटकन ऐकतं. फक्त ते गॅसपेक्षाही जलद तापतं, तेव्हा तेल घालून कांदा चिरायला जाऊ नका. आधी चिरा, मग तेल.

दुकान

जिरं घ्यायला गेलात की पाटीवर 'क्यूमेल' दिसेल. जिऱ्यासारखंच दिसतं. ते जिरं नव्हे. जर्मन लोक ते ब्रेडमध्ये आणि कोबीत घालतात. आपल्याला हवं ते 'क्रॉइत्सक्यूमेल'. मी क्यूमेलचा जिरा राइस केला होता आणि घरात बेकरी उघडल्यासारखा वास सुटला. तसंच 'झेन्फ' म्हणजे बाटलीतली मोहरीची चटणी, मोहरीचे दाणे हवे तर 'झेन्फकर्नर'. कोथिंबिरीच्या शेजारी पेटरझीली, म्हणजे पार्सली नावाची जुळी बहीण ठेवलेली असते, घेण्याआधी पान चुरगाळून वास घ्या.

बटाट्याच्या पिशवीवर लिहिलेलं असतं आणि ते खरंच कामाचं आहे. 'फेस्टकोखेंड' म्हणजे शिजल्यावर फोड धरून राहणारा, काचऱ्यांना आणि रस्सा भाजीला तो. 'मेलिशकोखेंड' म्हणजे पिठूळ, चटकन मोडणारा, वड्याच्या सारणाला तो. आपल्याकडे गावदेवीच्या भाजीवाल्याला "मामा, वड्याला पाहिजे" एवढं सांगितलं की तो निवडून देतो. तिथे मामाचं काम पिशवी करते.

तांदळात 'मिल्शराइस' उचलू नका, तो खिरीचा गोळा होणारा. डाळींत 'रोटं लिन्झन' म्हणजे आपली मसूर डाळ. प्रत्येक दुकानात, स्वस्त, न भिजवता पंधरा-वीस मिनिटांत साध्या पातेल्यात शिजते. तूर डाळीच्या आठवणीत रडण्यापेक्षा पहिला महिना मसुरावर काढा. राजमा सुका घेतलात तर रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, निदान दहा मिनिटं खळखळ उकळायलाच हवा. अर्धाकच्चा राजमा विषारी असतो. डब्यातला शिजवलेलाच असतो.

'क्वार्क' म्हणजे दही नव्हे, चक्क्याच्या जवळचं काहीतरी आहे. त्याचं श्रीखंड बरं होतं. कढीला 'नाटूरयोगुर्ट', म्हणजे साधं दही घ्या. दूध आणल्यावर तापवू नका, ते पाश्चराइज्डच असतं. साय येईल या आशेने मी आठवडाभर तापवलं.

पहिलं जेवण: मसुराची खिचडी

एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर डाळ. दोन-तीन पाण्यांनी धुऊन बाजूला ठेवा. एक मोठा कांदा, एक टोमॅटो, लसणाच्या चार पाकळ्या, एक मिरची. सगळं चिरून ताटलीत हारीने मांडा. मसाल्याचे डबे उघडे. किटलीत चार वाट्या पाणी गरम करून ठेवा. इतकं सगळं झाल्यावरच शेगडीला हात लावा.

बटण 6 वर. पातेल्यात दोन चमचे तेल. घाई वाटली तरी 9 नको, कारण तेल तापून धूर येईल तेव्हा तुम्हाला ते थांबवता येणार नाही. मोहरीचा एक दाणा टाका. तो तडतडला की बाकीची मोहरी, मग जिरं. आता पातेलं उचलून गार वर्तुळावर. तिथे हिंग, हळद, लसूण, मिरची. फोडणी उचललेल्या पातेल्यातल्या तापावर होऊन जाते, करपत नाही. पातेलं परत गरम काचेवर, कांदा घाला. कडा तांबूस झाल्या की टोमॅटो. तो गळून कडेने तेल दिसलं की डाळ-तांदूळ दोन मिनिटं परता. गरम पाणी, मीठ, चमचाभर गोडा मसाला.

बटण 9. उकळी फुटायला लागली, कडेला बुडबुडे दिसले की लगेच 2. झाकण थोडं तिरकं. पंधरा मिनिटांनी एक शीत बोटांत दाबून बघा. मऊ झालं असेल तर बटण बंद, झाकण घट्ट, पातेलं तिथेच. उरलेल्या तापावर ती दहा मिनिटं मुरते. इथे ही शेगडी आपल्या बाजूने काम करते.

वर तूप नाही, हे खरं. तिथलं बिनमिठाचं लोणी आणून मंद आचेवर कढवा, घरचं तूप होतं. ते पहिल्या रविवारचं काम.

फोडणी आणि अलार्म

फोडणी देताना स्वयंपाकघराचं पॅसेजकडचं दार बंद, खिडकी उघडी. बहुतेक जण उलटं करतात. धूर कोंडला म्हणून दार उघडतात आणि धूर सरळ पॅसेजमधल्या अलार्मखाली नेऊन पोचवतात. काही वसतिगृहांत अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. मिरच्या कोरड्या भाजणं, पापड भाजणं हे पहिल्या महिन्यात नको. अलार्मवर पिशवी बांधणे, बॅटरी काढणे असले ठाणेकरी जुगाड अजिबात नकोत. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. झाकण घाला, शेगडी बंद करा, आणि विझलं नाही तर बाहेर पडून 112 लावा.

पोळ्या

पहिल्या महिन्यात करू नका. करायच्याच असतील तर पिठाच्या पाकिटावरचा आकडा बघा: 405 म्हणजे जवळजवळ मैदा, 1050 जास्त कोंड्याचं. शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर जितके मिलिग्रॅम क्षार उरतात तो हा आकडा. 1050 मध्ये थोडं 405 मिसळून मऊ कणीक मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. ज्योत नाही, त्यामुळे फुलका तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायचा. लाटणं नसेल तर रिकामी काचेची बाटली. इंडियन स्टोअरमधला आटा मिळाला तर हा सगळा परिच्छेद विसरा.

घरातली बाकी माणसं

जर्मन लोक रात्री बऱ्याचदा गार जेवतात: ब्रेड, चीज, काकडी, सहा-सातच्या सुमाराला. म्हणजे आठनंतर ओटा तुमचाच. ओटा वापरला की लगेच पुसा, भांडी रात्रीच घासा, "सकाळी बघू" तिथे चालत नाही. डब्यावर नाव आणि तारीख घाला. आणि आठवड्यातून एकदा थोडं जास्त करून घरातल्यांना बोलवा. तिखट निम्मं करा, नंतर स्वतःच्या ताटात वरून घ्या.

शेवटचं दह्याचं. थंडीत ओट्यावर दही लागत नाही. कोमट दुधात चमचाभर नाटूरयोगुर्ट घुसळून, झाकून, बंद ओव्हनमध्ये ठेवायचं आणि ओव्हनचा फक्त आतला दिवा लावायचा. त्या दिव्याच्या उबेवर सकाळपर्यंत दही लागतं. पण ओव्हनच्या दारावर जर्मनमध्ये चिठ्ठी चिकटवा, की आत दही आहे, लावू नका. माझ्या पहिल्या दह्यावर, रात्री अकरा वाजता, 220 अंशांवर, कुणाचा तरी पिझ्झा भाजला गेला होता.